पडद्यावरील अजस्र सोबती

राक्षस आणि माणूस यांचा संबंध म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम वैराचेच चित्र उभे राहते. वीराने राक्षसाला मारावे, गाव संकटातून सुटावे आणि कथा संपावी, असा देशोदेशींच्या पुराणकथांचा जणू दंडकच आहे. परंतु या कथांच्या कडेकडेने दुसराही एक प्रवाह फार प्राचीन काळापासून वाहत आला आहे. भीमाने हिडिंब राक्षसाला मारले हे जितके खरे, तितकेच त्याने त्याच्याच बहिणीशी, हिडिंबेशी, विवाह केला हेही खरे. आणि त्या विवाहातून जन्मलेला घटोत्कच स्मरण करताच पांडवांच्या साहाय्यास धावून येई. विक्रम राजाच्या खांद्यावरचा वेताळ त्याला छळतो खरा, पण अखेरीस कपटी योग्याचा डाव उघड करून राजाचे प्राण वाचवतो तोही वेताळच. भयंकराशीही मैत्री जुळू शकते, ही कल्पना आपल्याला परकी नाही ती अशी.

विसाव्या शतकात एका नव्या कलेने ही कल्पना उचलून धरली. ती कला म्हणजे अ‍ॅनिमेशन. घरगुती बोलीत आपण जिला सरसकट 'कार्टून' म्हणतो ती. पिकाचू, तोतोरो, स्टिच, टूथलेस ही नावे आज कितीतरी घरांतील मुलांना तोंडपाठ आहेत. वडीलधाऱ्यांना मात्र त्यांच्याविषयी एक प्रश्न सतावत असतो. या अक्राळविक्राळ प्राण्यांच्या नादाने मुले शिकतात तरी काय? प्रश्न रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर शोधावयाचे तर हे चित्रकार पडद्यावर ही मैत्री घडवतात कशी, तिची वीट न् वीट रचतात कशी, हे आधी पाहिले पाहिजे.

या कलेचे मूळ तत्त्व साधे आहे. स्थिर चित्रे किंचित फरकाने एकामागून एक दाखविली की डोळ्यांना ती हलल्यासारखी भासतात. चित्रपटात साधारणतः एका सेकंदाला २४ चौकटी डोळ्यांपुढून जातात. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्या थोड्याथोड्या हलवून त्यांची छायाचित्रे घेतली, ती याच तत्त्वाने. आता या कलेची एक विलक्षण अडचण ध्यानात घ्या. नट-नटींच्या चित्रपटात दिग्दर्शकाला काही गोष्टी आपसूक मिळतात. नटाचा श्वास चालू असतो, पापणी लवते, ओठ थरथरतो. अ‍ॅनिमेशनमध्ये आपसूक असे काहीच मिळत नाही. श्वासदेखील काढावा लागतो, तेव्हाच तो चालतो. जो प्राणी सृष्टीत कोठेही नाही, त्याचे एका मुलावर प्रेम जडले आहे, हे प्रेक्षकाला पटवावयाचे, तर ते प्रेम एकेका हालचालीने बांधावे लागते. म्हणूनच या कलावंतांनी काय काढले आणि काय काढावयाचे टाळले, यात त्यांचा सारा विचार सापडतो.

या परंपरेच्या आरंभीच एक अजस्र सोबतीण उभी आहे. अमेरिकन चित्रकार विन्झर मॅके यांनी १९१४ च्या फेब्रुवारीत शिकागो येथे रंगमंचावर एक खेळ दाखविला. पडद्यावर गर्टी नावाची प्रचंड डायनोसोर मादी होती, आणि पडद्याशेजारी स्वतः मॅके हातात चाबूक घेऊन, सर्कशीतील रिंगमास्तराप्रमाणे, उभे होते. त्यांनी आज्ञा करावी आणि गर्टीने नमस्कारासाठी मान लववावी, असा तो खेळ. पण गर्टी सगळ्याच आज्ञा पाळीत नसे. मध्येच तिचे लक्ष दुसरीकडे जाई, एका हत्तीसारख्या प्राण्याला उचलून ती तळ्यात भिरकावी, आणि रागावले की चक्क रडू लागे. हजारो चित्रे हाताने काढून मॅके यांनी तिला चालते-बोलते केले होते, आणि तिचा श्वासोच्छ्वास किती वेळाने दाखवावा हे ठरविण्यासाठी त्यांनी स्वतःच्या श्वासाचे मोजमाप घेतले होते. खेळाच्या शेवटी मॅके पडद्याआड जात, त्याच क्षणी चित्रातला मॅके पडद्यावर अवतरे आणि गर्टी त्याला पाठीवर घेऊन डौलाने निघून जाई.

या छोट्या खेळात पुढील शंभर वर्षांचे बीज आहे. प्रेक्षकांना गर्टी जिवंत वाटली ती तिच्या आज्ञाधारकपणामुळे नव्हे. आज्ञा तर यंत्रही पाळते. ती जिवंत वाटली ती तिने हट्ट केला म्हणून, रुसली म्हणून. सोबत्याला स्वतःची इच्छा असली पाहिजे, हा या कलेला गवसलेला पहिला धडा. आणि आरंभी चाबूक उगारणारा माणूस अखेरीस त्याच प्राण्याच्या पाठीवर विश्वासाने बसतो, ही दिशाही तेथेच ठरून गेली.

यानंतर आपण जपानकडे वळू. कारण अजस्र सोबत्यांची सर्वांत मोठी वसाहत त्या देशाने वसविली आहे. सातोशी ताजिरी यांना लहानपणी टोकियोलगतच्या माचिदा भागात किडे गोळा करण्याचे वेड होते. वस्ती वाढत गेली तशी तेथील शेते आणि ओढे नाहीसे झाले, आणि किडे धरण्याची ती मौज शहरातल्या मुलांना पुन्हा मिळावी, या इच्छेतून त्यांनी 'पोकेमॉन' हा खेळ रचला. तो १९९६ मध्ये बाजारात आला, आणि १ एप्रिल १९९७ पासून त्यावर आधारलेली दूरचित्रवाणी मालिका जपानमध्ये सुरू झाली. तिचे हिंदी रूपांतर आपल्याकडील मुलांनीही आवडीने पाहिले. या जगात नाना शक्ती असलेले प्राणी आहेत. मुले त्यांना पकडतात, एका लहानशा चेंडूत बंद करून जवळ बाळगतात आणि एकमेकांच्या प्राण्यांशी झुंजवतात.

येथे वडीलधाऱ्यांच्या शंकेला पुरता आधार आहे. ज्याला आपण पकडले, कोंडले आणि झुंजविले, त्याला मित्र म्हणावयाचे कसे? परंतु मालिकेच्या रचनाकारांनाही ही अडचण जाणवली असावी, असे पहिल्याच भागावरून वाटते. कथेचा दहा वर्षांचा नायक, जो आपल्याकडे अ‍ॅश या नावाने ओळखला जातो, उशिरा पोहोचतो आणि त्याच्या वाट्याला पिकाचू नावाचा हट्टी, विजेचे झटके देणारा प्राणी येतो. पिकाचू त्याचे ऐकत तर नाहीच, पण चेंडूत शिरावयासही साफ नकार देतो. पुढे संतापलेल्या पाखरांचा थवा दोघांवर चालून येतो. जखमी पिकाचूने जीव वाचविण्यासाठी तरी चेंडूत शिरावे, अशी अ‍ॅश त्याची विनवणी करतो आणि स्वतः हात पसरून त्या थव्यासमोर उभा राहतो. ते पाहून पिकाचू उठतो आणि आपल्या विजेने त्याला वाचवतो. चेंडू रिकामाच राहतो. पुढील अनेक वर्षे पिकाचू त्याच्या खांद्यावर बसून हिंडला. मार्च २०२३ मध्ये अ‍ॅशची कथा संपली, तोवर तो चेंडूत राहावयास कधी तयार झाला नाही. ज्या जगाचा नियमच कोंडण्याचा, त्या जगातील सर्वांत लाडकी जोडी त्या नियमाला अपवाद ठरावी, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. १९९७ मधल्याच एका भागात अ‍ॅश आपल्या बटरफ्री नावाच्या फुलपाखरासारख्या सोबत्याला त्याच्या थव्याबरोबर समुद्रापार जाऊ देतो. तो निरोप पाहून रडलेली मुले आता मोठी झाली आहेत, पण तो भाग त्यांच्या स्मरणातून गेलेला नाही. तरीही न्याय्य बुद्धीने बोलावयाचे तर हे उत्तर अर्धेच आहे. अपवाद कितीही गोड असला, तरी त्याने नियम पुसला जात नाही.

त्याच देशात याहून वेगळी, पकडण्याची भाषाच नसलेली कल्पना हायाओ मियाझाकी यांनी १९८८ च्या 'माय नेबर तोतोरो' या चित्रपटात मांडली. सात्सुकी आणि मेई या दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहावयास येतात, कारण त्यांची आजारी आई जवळच्या रुग्णालयात आहे. घराशेजारी कापराचा एक महावृक्ष आहे आणि त्याच्या ढोलीत तोतोरो राहतो. तो कोण, कोठला, त्याला काय हवे आहे, याचा खुलासा चित्रपट शेवटपर्यंत करीत नाही. तो माणसाप्रमाणे बोलत नाही; जांभई देतो, गुरगुरतो आणि रुंद हसतो.

या चित्रपटातील बसथांब्याचा प्रसंग या कलेत जगन्मान्य झाला आहे. पाऊस कोसळत आहे, रात्र पडली आहे, धाकटी मेई थोरलीच्या पाठीवर झोपी गेली आहे आणि वडिलांची बस येता येत नाही. तोतोरो शेजारी येऊन उभा राहतो. डोक्यावर झाडाचे एक पान, एवढेच त्याचे पावसापासूनचे संरक्षण. सात्सुकी घाबरते, पण वडिलांसाठी आणलेली छत्री त्याला देते. छत्रीवर थेंबांचा आवाज होतो आणि तोतोरोला त्याची विलक्षण मौज वाटते. झाडावरचे सगळे पाणी एकदम छत्रीवर यावे म्हणून तो उडी मारून जमीन हादरवतो. मग बसचे रूप घेतलेले एक अवाढव्य मांजर येते, तोतोरो मुलींच्या हाती पानात बांधलेली फळबियांची पुरचुंडी ठेवतो आणि छत्रीसकट निघून जातो. एवढाच प्रसंग. तो जवळजवळ सारा शांततेत घडतो, आणि चित्रकाराने घाई केलेली नाही. पाणी टपकते आहे, दोघे नुसते उभे आहेत, एवढेच तो कितीतरी वेळ दाखवितो. या संथपणातच भय हळूहळू ओसरते. येथे कोणी कोणाला माणसाळवीत नाही. छत्रीचा उपयोग तोतोरोला कळला की नाही, हेही सांगता येत नाही. त्याचे परकेपण जसेच्या तसे राहते, आणि तरीही आईच्या चिंतेने व्याकूळ झालेल्या त्या मुलींना त्याच्या भरगच्च अस्तित्वाचा आधार वाटतो. समजल्यावाचूनही आपुलकी वाटू शकते, हा या प्रसंगाचा धडा होय.

येथवर आपण माणसाच्या बाजूने पाहिले. 'तोतोरो'नंतर १३ वर्षांनी, २००१ मध्ये, पीट डॉक्टर यांनी दिग्दर्शित केलेल्या 'मॉन्स्टर्स, इंक.' या अमेरिकन चित्रपटाने ही बाजू उलटवली. येथे राक्षसांचे एक शहर आहे आणि त्याला लागणारी वीज मुलांच्या किंकाळ्यांपासून मिळते. राक्षस रात्री कपाटाच्या दारातून मुलांच्या खोलीत शिरतात ते नोकरी म्हणून. शिवाय मुलाच्या स्पर्शाने मृत्यू ओढवतो, अशी त्यांची समजूत असल्यामुळे ते मुलांना मुलांहूनही अधिक भितात. सली हा त्यांच्यातला सर्वांत यशस्वी राक्षस. संगणकावर घडविलेल्या त्याच्या अंगावर २३ लाखांहून अधिक केस होते, आणि त्यांतील प्रत्येक केस हालचालीबरोबर हलावा म्हणून वेगळी व्यवस्था करावी लागली. हा केवळ तांत्रिक डामडौल नव्हता. त्या लोकरीत एखाद्या बालिकेला बिलगून झोपावेसे वाटावे, इतकी ती ऊबदार दिसणे कथेसाठी आवश्यक होते.

बू नावाची चिमुरडी चुकून राक्षसांच्या जगात येते आणि सलीला मांजर समजून त्याच्यामागे हिंडू लागते. या चित्रपटाचा गाभा एका लहान प्रसंगात आहे. वरिष्ठांच्या आग्रहावरून सलीला नवशिक्यांपुढे आपली डरकाळी करून दाखवावी लागते. बू ते पाहते आणि भीतीने मागे सरते. नंतर सलीची दृष्टी भोवतालच्या पडद्यांकडे जाते. तेथे त्या क्षणी टिपलेला त्याचा स्वतःचा चेहरा झळकत असतो. आपण रोज कामावर जाऊन काय करीत आलो, हे त्याला प्रथमच दिसते. जे बळ कार्यालयात कर्तव्य म्हणून वापरले, कौतुक आणि बढती मिळवून गेले, ते समोरच्याच्या डोळ्यांतून कसे दिसते, हे पाहण्याची वेळ कितीतरी सभ्य, कर्तव्यदक्ष माणसांवरही कधी ना कधी येते. चित्रपटाच्या अखेरीस मुलांचे हसू किंकाळीहून दहा पट शक्ती देते, असा शोध लागतो आणि कारखान्याचे कामच पालटते. त्या आधी बूला तिच्या घरी पोहोचवून तिचा निरोप घ्यावा लागतो, तो सली घेतो.

त्यापुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, ख्रिस सँडर्स आणि डीन डब्लुआ या दिग्दर्शकद्वयाचा 'लिलो अँड स्टिच' प्रदर्शित झाला. हवाई बेटांपैकी काउआई येथे लिलो ही मुलगी राहते. आईवडील मोटार अपघातात गेले आहेत, थोरली बहीण नानी घर चालविण्यासाठी धडपडते आहे आणि लिलोला तिच्यापासून दूर नेण्याचा विचार शासनाचा अधिकारी करतो आहे. अशा घरात स्टिच येतो. तो परग्रहावर प्रयोगशाळेत घडविलेला प्राणी आहे, आणि विध्वंस हाच त्याच्या निर्मितीचा हेतू आहे. कुत्र्यांच्या आश्रयगृहातून लिलो त्याला कुत्रा समजून घेऊन येते. बहिणीकडूनच उसने घेतलेले दोन डॉलर हे त्याचे मोल. पुढे परग्रहाची सर्वोच्च अधिकारी स्टिचला पकडून नेण्यास येते, तेव्हा लिलो तो शिक्क्याचा कागद पुढे करते आणि कायदा कायद्यानेच थांबतो. शासकीय चाकरीत ज्यांचे आयुष्य गेले आहे, त्यांना एका साध्या कागदाचा हा पराक्रम पाहून गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही.

पण त्या गंमतीखाली एक गंभीर गोष्ट आहे. कागद मालकी सिद्ध करतो. प्रेम सिद्ध करीत नाही. ते त्याआधीच सिद्ध झालेले असते. स्टिचने घराची नासधूस केल्यावर लिलो त्याला जायचे असेल तर जाऊ देते, आणि तो खरोखरच जातो. रानात एकटा बसून तो आपण हरवलो आहोत, असे म्हणतो. परत फिरतो तो स्वतःच्या मनाने. हवाई भाषेत 'ओहाना' म्हणजे कुटुंब. त्या शब्दाचा या चित्रपटाने घेतलेला अर्थ असा की कुटुंबात कोणाला मागे टाकावयाचे नसते. हट्टी, भांडखोर, शाळेत कोणालाच नको असलेली मुलगी आणि विध्वंसासाठी घडविलेला प्राणी, या दोघांना एकमेकांत आपले रूप दिसते. चित्रकारांनी पार्श्वभूमीसाठी जलरंग वापरले. ती पद्धत डिस्ने संस्थेने १९४० च्या दशकानंतर जवळजवळ सोडून दिली होती. त्या मऊ रंगांमुळे मोडक्या घराचे दुःखही सुसह्य होते.

याच दोघा दिग्दर्शकांनी २०१० मध्ये 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन' हा चित्रपट केला, आणि माझ्या मते या साऱ्या विचाराची परिणती तेथे झाली आहे. मूळ पुस्तक इंग्रज लेखिका क्रेसिडा कॉवेल यांचे, २००३ चे. त्यातला टूथलेस हा ड्रॅगन चिमुकला आहे. चित्रपटकर्त्यांनी त्याला मोठा, काळा आणि सर्वांत भयंकर केले. ज्याला मारणे हा गावाचा धर्म, त्याच्याशीच मैत्री व्हावी, म्हणून हा बदल केला असावा. बर्क बेटावरचा हिकप हा किडकिडीत मुलगा यंत्राने जाळे फेकून ड्रॅगनला पाडतो, पण सुरी उगारूनही त्याला मारू शकत नाही. त्या पडण्यात ड्रॅगनच्या शेपटीचे डावे पाते गेलेले असते. म्हणजे मैत्रीच्या आरंभीच एक अपराध आहे.

त्यांची जवळीक होते तो प्रसंग जवळजवळ निःशब्द आहे. हिकप मासा आणतो. ड्रॅगन त्याच्या कमरेची सुरी पाहून गुरगुरतो, तेव्हा तो ती पाण्यात टाकतो. ड्रॅगन मासा खातो आणि अर्धा पुन्हा ओकून त्याच्यापुढे ठेवतो. हिकपला किळस गिळून पाहुणचार स्वीकारावा लागतो. हिकप वाळूत काठीने त्याचे चित्र काढतो, तर ड्रॅगन झाडाची फांदी तोंडात धरून स्वतःच्या रेघा ओढतो. त्या रेघेवर पाय पडला की तो गुरगुरतो. पाय उचलला की शांत होतो. तेव्हा हिकप पायाखाली पाहत, रेघा चुकवीत चालतो आणि नकळत ड्रॅगनच्या अगदी जवळ येतो. तो हात पुढे करतो, पण ड्रॅगन मागे सरतो. मग हिकप मान दुसरीकडे वळवतो, डोळे मिटतो आणि तळहात तसाच पुढे धरून थांबतो. क्षणभर काहीच घडत नाही. मग ड्रॅगन स्वतः नाक पुढे करून त्या तळहाताला लावतो.

श्रोतेहो, या एका हालचालीत सारे आले. मॅकेच्या हातात चाबूक होता. अ‍ॅशच्या हातात चेंडू होता. हिकपचा हात रिकामा आहे. शेवटचे अंतर कापण्याचा अधिकार तो दुसऱ्याला देतो, आणि नजर फिरवून पाहण्याचा अधिकारही सोडतो. जे मिळते ते केवळ या सोडण्यामुळे. पुढे तो ड्रॅगनसाठी कृत्रिम पाते तयार करतो. ते पायाच्या साहाय्याने चालवावे लागत असल्यामुळे मुलावाचून ड्रॅगनला उडता येत नाही आणि ड्रॅगनवाचून मुलाला. अखेरच्या युद्धात हिकपचा डावा पाय जातो, तेव्हा दोघांची उणीव एकसारखी होते. इतक्यावर कथा थांबत नाही. २०१९ च्या तिसऱ्या चित्रपटात हिकप आपल्या मित्राला त्याच्या स्वतःच्या जगात जाऊ देतो.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. मुले यातून काय शिकतात? व्यापाराचे म्हणणे विचाराल तर मुलांनी बाहुली, दप्तर, डबा आणि पत्ते विकत घ्यावेत, एवढेच त्याला हवे असते. मालकी हक्काच्या कल्पनेवर टीका करणाऱ्या या कथांच्या पात्रांचीच दुकाने भरतात, हा विरोध डोळ्यांआड करता येत नाही. शिवाय या प्रकारची प्रत्येक कृती चांगली असते असेही नाही. ज्यात राक्षस केवळ शस्त्र म्हणून वापरला जातो आणि काम झाले की विसरला जातो, अशाही कृती पुष्कळ आहेत.

तेव्हा पालकांनी बंदीच्या मागे न लागता एक साधी कसोटी हाती ठेवावी. मुलाबरोबर बसून ती कथा पाहावी आणि त्याला विचारावे, 'या प्राण्याला जावेसे वाटले तर जाता येईल का?' ज्या कथेत या प्रश्नाचे उत्तर 'होय' आहे आणि तरीही तो प्राणी राहतो, ती कथा मैत्रीची. जेथे उत्तर 'नाही' आहे, ती कितीही गोंडस असली तरी पिंजऱ्याची.

हा प्रश्न राक्षसांपुरताच राहत नाही. वर्गात नव्याने आलेला, वेगळी भाषा बोलणारा मुलगा, घरातले काम करणारी बाई, रस्त्यावरचे कुत्रे, स्वभावाने तुसडा वाटणारा शेजारी, या सर्वांपुढे आपण कोणता हात घेऊन जातो, हे मूल फार लवकर पाहून ठेवते. परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना तर परकेपणाचे दोन्ही अनुभव येतात. कधी आपण कोणाच्या दारातले अनोळखी असतो, तर कधी कोणी आपल्या. अशा वेळी डोळे वटारून नव्हे, तर मान किंचित वळवून आणि तळहात उघडा ठेवून थांबावयाचे असते, हे ज्या मुलाला चित्रांतून का होईना उमगले, त्याने पडद्यासमोर घालविलेला वेळ वाया गेला, असे म्हणण्यास माझे मन धजत नाही.